रिपोर्ट येईपर्यंत

गौरीच्या दिवशी ठुशी बांधताना बोटाला गाठ लागली. मानेच्या डाव्या बाजूला, गळ्याच्या हाडाच्या जरा वर, चिंचोक्याएवढी. दुखत नव्हती. सासूबाई म्हणाल्या, थंडीची असेल. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, गंडमाळ असेल, आमच्या माहेरी एकीला होती. एका डॉक्टरांनी सात दिवस अँटिबायोटिक दिलं. दुसरे म्हणाले, टीबीच असणार, औषध चालू करून बघू. दसरा आला तोवर गाठ सुपारीएवढी झाली होती. मग सुई घालून तपासणी झाली आणि त्या रिपोर्टच्या शेवटच्या ओळीत तो शब्द पहिल्यांदा वाचला. लिम्फोमाची शक्यता नाकारता येत नाही, संपूर्ण ग्रंथी काढून तपासावी.

शुक्रवारी गाठ काढली. रविवारी मी सांगलीहून मिरजेला काकांकडे गेले. काका म्हणजे वडिलांचे धाकटे भाऊ. तीस वर्षं त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली असे तुकडे बघण्यात काढली आहेत. ताई आधीच येऊन बसली होती. ताई माझी आत्तेबहीण, म्हणजे माझे काका ते तिचे मामा. मी त्यांना अहोजाहो करते, ती अरेतुरे. चौदा वर्षांपूर्वी ताईला हॉजकिन लिम्फोमा, म्हणजे लसीका ग्रंथींचा एक कर्करोग, झाला होता. ती त्यातून बरी झाली. आता अशा आजारातून गेलेल्या आणि सध्या जात असलेल्या पंधरा-वीस जणांची बैठक ती दर महिन्याला एका शाळेच्या वर्गात भरवते.

मी बसल्या बसल्या तिने पिशवीतून दोन गाऊन काढून माझ्या मांडीवर ठेवले. पुढून वरपासून खालपर्यंत बटणं असलेले, धुऊन मऊ झालेले.

"टाके निघेपर्यंत डोक्यातून घालायचं काही घालू नकोस. हात वर केला की ओढ बसते."

घरी सोडताना मिळालेल्या कागदावर पट्टी कधी बदलायची, कुठली गोळी जेवणाआधी घ्यायची, सगळं लिहिलेलं होतं. हे नव्हतं. शुक्रवारी रात्री सलवार-कुडता काढताना मी आरशासमोर रडले होते. ते दुखण्यामुळे की दुसऱ्या कशामुळे, मला सांगता आलं नसतं.

"आणि येत्या शनिवारी बैठकीला ये," ताई म्हणाली.

"कशाला?" काका पेपर बाजूला ठेवत म्हणाले. "तिचा रिपोर्ट आलेला नाही. ती रुग्ण नाही."

"मामा, ती रात्रभर झोपत नाही. एवढं पुरे आहे."

"झोप न येणं म्हणजे लिम्फोमा नव्हे. तिला ताप येत नाही, वजन उतरलेलं नाही, रात्री कपडे बदलावे लागतील इतका घाम येत नाही. सगळं विचारून झालंय माझं. याचा अर्थ काही नाहीच असा नाही, पण काही आहेच असाही नाही. पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येतं ना, त्यातल्याच ग्रंथी ह्या. अंगात अशा शेकड्यांनी असतात आणि फुगायला त्यांना शंभर कारणं असतात. आपल्याकडे टीबी हे फार मोठं कारण. समजा गुरुवारी टीबी निघाला. मग शनिवारी तुझ्या वर्गात बसून हिने काय ऐकायचं?"

"निघाला तर शुक्रवारी फोन करून सांगेल, येत नाही म्हणून. आम्ही पेढे मागू."

काका गप्प झाले नाहीत. ते सहसा होत नाहीत, आणि मला ते तसे आवडतात. त्यांनी माझ्याकडे वळून विचारलं, "सुईच्या तपासणीवर मी भागू दिलं नाही, का ते तुला कळलंय ना?"

मला अर्धवट कळलं होतं.

"सुईतून पेशी येतात. सुट्या. लिम्फोमा ओळखायचा तर पेशी कुठे, कशा बसल्यात, ग्रंथीची मूळ घडण शाबूत आहे की मोडली आहे, ते बघावं लागतं. पाडलेल्या घराच्या चार विटा हातात दिल्या तर स्वयंपाकघर कुठे होतं ते मी कसं सांगू? म्हणून ग्रंथी अख्खी हवी. ती फॉर्मॅलिनमध्ये राहते, मग मेणाच्या ठोकळ्यात बसते, मग तिचे काप काढतात, मिलिमीटरच्या हजाराव्या भागात मोजावे लागतील असे. ते रंगवले की जांभळं-गुलाबी दिसतं. तेवढ्यानं भागलं नाही तर मार्कर लावायचे, सीडी ट्वेंटी, सीडी थर्टी, असे. त्याला आणखी दिवस जातात. हा उशीर म्हणजे दिरंगाई नव्हे. ते कामच तसं आहे."

मग त्यांनी डोरोथी रीडची गोष्ट सांगितली. आमच्या घरात ती सगळ्यांना पाठ आहे, तरी त्या दिवशी मी ती नव्याने ऐकली. लंडनच्या गाईज हॉस्पिटलमधल्या थॉमस हॉजकिन यांनी १८३२ साली सात रुग्णांच्या सुजलेल्या ग्रंथींचं वर्णन केलं, तेही सूक्ष्मदर्शकाशिवाय, नुसत्या डोळ्यांनी. पुढे १८६५ मध्ये सॅम्युअल विल्क्स यांनी आजाराला त्यांचं नाव दिलं. १८९८ मध्ये कार्ल स्टर्नबर्ग यांनी त्यातली ती मोठी, घुबडाच्या डोळ्यांसारखी दिसणारी पेशी टिपली, पण आजार त्यांना टीबीचाच एक प्रकार वाटला. १९०२ मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये काम करणाऱ्या डोरोथी रीड या तरुण डॉक्टरबाईंनी ठामपणे लिहिलं की हा टीबी नव्हे, वेगळा आजार आहे.

"जी गल्लत स्टर्नबर्गसारख्या माणसाची झाली, ती आजही होते," काका म्हणाले. "म्हणून तुझ्या त्या डॉक्टरांनी टीबीचं औषध काढलं तेव्हा मी फोनवर ओरडलो. तुकडा तपासल्याशिवाय औषध नाही. स्टेरॉईडची गोळी तर नाहीच नाही. तिने गाठ तात्पुरती विरघळते, रुग्णाला वाटतं गुण आला, आणि नंतर तुकडा काढला तर त्यात काही धड दिसत नाही. आजार मात्र आत तसाच. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. आता तू सांग, यातलं बैठकीत कोण सांगणार? तिथे कुणी गव्हांकुराचा रस सांगेल, कुणी साखर तोडा म्हणेल."

"सांगतात," ताई म्हणाली. ती हे लपवेल असं काकांना वाटलं असावं, ते थबकले. "पहिल्या वर्षी एकाने कुठलीशी पुडी वाटली होती. त्यानंतर आम्ही नियम केला. औषधाचं नाव कुणी काढायचं नाही, दुसऱ्याचा रिपोर्ट उघडायचा नाही. आणि जो म्हणेल की हे घेऊन मी बरा झालो, त्याला मी तिथल्या तिथे थांबवते."

"आणि तुझ्या वर्गात येतात कोण? जगलेले. जे गेले ते खुर्चीवर येऊन बसत नाहीत. त्यामुळे तिथलं चित्र नेहमी खऱ्यापेक्षा उजळ दिसतं."

"गेलेल्यांच्या बायका येतात, मामा. दोघी आहेत. एकीचा नवरा मागच्या आषाढात गेला. ती अजून येते, चहाचं बघते."

यावर काकांकडे उत्तर नव्हतं. पण मुद्दा सोडणं त्यांच्या स्वभावात नाही, आणि सोडावा असा तो मुद्दाही नव्हता. त्यांनी आपला भक्कम पुरावा काढला. १९८९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये डेव्हिड स्पीगेल या अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांचा अभ्यास आला. स्तनाचा कर्करोग शरीरात पसरलेल्या ८६ स्त्रिया. ज्या आठवड्यातून एकदा गटात बसत होत्या त्या सरासरी ३६.६ महिने जगल्या, ज्या बसत नव्हत्या त्या १८.९ महिने. जवळजवळ दुप्पट. जगभर गाजावाजा झाला.

"मग २००१ मध्ये कॅनडात पामेला गुडविन यांनी २३५ स्त्रियांवर तेच करून पाहिलं. आयुष्य वाढलं नाही. २००७ मध्ये खुद्द स्पीगेल यांनी १२५ स्त्रियांवर पुन्हा केलं. एकूणात नाहीच वाढलं. आणि ते त्यांनी छापलं, हा त्यांचा मोठेपणा. शिवाय ते गट शिकलेली माणसं चालवत होती. तुमच्या बैठकीबद्दल तर तेवढाही पुरावा नाही."

ताईने विचारलं, "गुडविनबाईंच्या अभ्यासात आणखी काय निघालं होतं?"

काका जरा थांबले. खोटं बोलणारा माणूस नाही तो.

"दुखणं कमी जाणवलं. आणि ज्या मुळात जास्त खचल्या होत्या, त्यांचं मन सावरलं."

"मग मी दुसरं काय म्हणतेय? जास्त जगाल म्हणून मी कुणाला बोलावत नाही. जगवायचं काम ज्यांचं आहे ते करतात. मला चार औषधं एकत्र दिली होती, एबीव्हीडी. त्यांनीच बरं केलं, बैठकीने नाही."

"मिलानच्या बोनाडोनांनी सत्तरच्या दशकात आणली ती," काका पुटपुटले. त्यांना राहवलं नाही.

"असतील. मला त्यांच्यातलं एक इतकंच आठवतं की लाल रंगाचं होतं, आणि ते घेतल्यावर त्या दिवशी लघवी लाल झाली. मला वाटलं रक्तच गेलं. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत राहत होते तेव्हा मी. शेजारच्या खाटेवर नांदेडच्या एक बाई होत्या, मुलाला घेऊन आलेल्या. रात्री दोन वाजता त्यांनी मला नळाशी रडताना पाहिलं आणि म्हणाल्या, अगं औषधाचाच रंग हाय त्यो, माझ्या लेकराला बी तसंच होतंय, सकाळपर्यंत जातंय बघ. परळच्या हॉस्पिटलात डॉक्टरांनी ते मला सांगितलं असणारच. माझ्या डोक्यात शिरलं नव्हतं. शिरलं ते रात्री दोन वाजता, नळापाशी. तुलाही सांगून ठेवते, एका औषधाची बाटली काळ्या कागदात गुंडाळून लावतात, उजेड चालत नाही त्याला, तर घाबरून—"

"बघ!" काकांचा आवाज चढला. "हेच. नेमकं हेच मला नको आहे. हिला अजून आजार नाही, आणि तू हिला सलाईनच्या बाटलीपर्यंत नेऊन बसवलंस. लिम्फोमाचे साठाहून जास्त प्रकार आहेत. काही इतके संथ की वर्षानुवर्षं औषध देतच नाहीत, नुसतं लक्ष ठेवतात. काही इतके झपाट्याचे की आठवड्याभरात उपचार सुरू करावे लागतात. तुझा आजार तुझा होता. हिला झालाच असेल तर तो वेगळा असेल. तू हिला तुझा आजार जगायला लावतेयस."

खोलीत कुणी बोललं नाही. काकू आतून कालचं कोजागिरीचं उरलेलं दूध गरम करून घेऊन आल्या आणि पेले ठेवून परत गेल्या.

तोवर मी ऐकत होते. दोघं माझ्याबद्दल बोलत होती आणि दोघांचंही माझ्यावर प्रेम आहे, त्यामुळे मध्ये पडवत नव्हतं. पण काकांचं ते वाक्य मला पटलं, आणि पटलं ते सांगायला हवं होतं. ताईच्या बोलण्याबरोबर मी खरोखरच परळला पोचले होते. काळा कागद दिसायला लागला होता.

"ताई," मी म्हटलं, "औषधाचं अजून नको सांगूस. मला एवढंच सांग, तुझा रिपोर्ट यायचा होता त्याच्या आदल्या रात्री तू काय केलंस?"

तिने लगेच उत्तर दिलं नाही. दुधाचा पेला हातात फिरवत राहिली.

"गहू निवडले. आईने दळायला काढले होते, पाच-सहा किलो. रात्री नऊला परात घेऊन बसले. आई म्हणाली, एवढे एका वेळी कशाला. मी म्हटलं, झोप येत नाही. ती म्हणाली, काही निघणार नाही गं, झोप. सगळे तेच म्हणत होते, काही निघणार नाही. कुणी असं म्हटलं की मला त्यांच्यासाठी हसावं लागायचं. घरात पाच माणसं, आणि पाचही जणांना धीर मी देत होते. एक वाजेपर्यंत गहू संपले. मग निवडलेलेच परत निवडले."

हे ऐकताना मला पहिल्यांदा बरं वाटलं. शनिवारी पहाटे मी फ्रीज रिकामा करून पुसत होते. नवरा उठून आला, म्हणाला, काही होणार नाही, चल झोप. त्याचा चेहरा इतका उतरला होता की मीच त्याच्या पाठीवरून हात फिरवला. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं काही आहे असंही वाटलं नव्हतं. ताईच्या परातीने ते सांगता येण्याजोगं केलं. मी सांगितलं. ती नुसती मान हलवत होती, जशी पुढचं माहीत असणारी माणसं हलवतात.

काका खिडकीबाहेर बघत होते. बघता बघताच म्हणाले, "तुझी स्लाईड माझ्याकडे आली होती."

ताई म्हणाली, "माहीत आहे."

"पेशी मला पहिल्याच दिवशी दिसली होती. पण एका स्लाईडवर मी सही करणार नव्हतो. मेणाचा ब्लॉक मुंबईला पाठवला, मार्करसाठी. तो येईपर्यंत बोलायचं नाही असं ठरवलं. चुकलो नाही मी. असल्या बाबतीत तोंडातून गेलेला शब्द परत घेता येत नाही."

"नाही चुकलास. तू सांगायला हवं होतंस असं मी कधीच म्हटलं नाही." तिचा आवाज जराही चढला नाही. "पण त्याच आठवड्यात तू दोनदा आमच्याकडे जेवायला आलास, आणि दोन्ही वेळा भात न घेता उठलास. माझ्याकडे बघितलं नाहीस. आईला वाटलं, आमटी खारट झाली. मला तेव्हाच कळलं, मामा. रिपोर्ट मागाहून आला."

काकांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. तीस वर्षांत या माणसाने किती जणांची बातमी त्यांच्याआधी वाचली असेल, आणि प्रत्येक वेळी गप्प राहिला असेल. त्यांच्याही बैठकीला कुणी नव्हतं. हा विचार माझा. ते तसं काही म्हणाले नाहीत. ते म्हणाले, "काय बोलायचं ते सुचत नव्हतं."

"बोलायचं नव्हतंच. भात खाऊन थोडा वेळ टेकायचं होतं."

पुण्यात पार्किन्सनच्या रुग्णांसाठी चालणाऱ्या मित्रमंडळात रुग्णाला शुभार्थी आणि त्याची काळजी घेणाऱ्याला शुभंकर म्हणतात. शब्द गोड आहेत, आणि वापरणारे ते मनापासून वापरतात. पण ज्याच्या हातात अजून रिपोर्ट नाही, त्याच्यासाठी आपल्याकडे शब्दच नाही. तो रुग्ण नाही, म्हणून दवाखान्यात त्याला कुणी विचारत नाही. तो धडधाकटही नाही, म्हणून घरात सगळे त्याच्याशी दबक्या आवाजात बोलतात. काका म्हणतात तसं, त्या दिवसांत कुणाचं दुखणं अंगावर ओढून घेण्यात अर्थ नाही. ते मी मानलं आहे, आणि ताईला तसं सांगितलंही. पण ते दिवस म्हणजे काहीच नाही, रिकामी जागा आहे, असं जे काकांच्या बोलण्यातून निघतं ते मला साफ अमान्य आहे. त्या दिवसांत माणूस फ्रीज पुसतो, गहू दोनदा निवडतो. तिथे डॉक्टरची गरज नसते आणि धीर देणाऱ्याचीही नसते. जो तिथून जाऊन आलाय तो शेजारी हवा असतो, आणि तो आयुष्य वाढवतो की नाही याचं मोजमाप करायचं कारण नाही.

निघताना काकांनी मला एका कागदावर चार प्रश्न लिहून दिले. रिपोर्ट हातात आल्यावर विचारायचे. प्रकार नेमका कोणता, मार्कर कोणते लावले, पेट-सीटी लागेल का, आणि दुसऱ्या तज्ज्ञाला दाखवायचं झालं तर ब्लॉक आणि स्लाईड्स कधी मिळतील. "ते ठोकळे तुझे आहेत, मागायला लाजू नकोस," असं ते दोनदा म्हणाले. ताईने तो कागद घेऊन वाचला आणि खाली आपल्या अक्षरात पाचवी ओळ लिहिली. रेशनकार्ड आणि आधारच्या प्रती आताच काढून ठेव, महात्मा फुले योजनेच्या खिडकीवर लागल्या तर धावपळ नको. काकांनी ती वाचली आणि काही म्हणाले नाहीत.

शनिवारच्या बैठकीला जायचं की नाही, ते मी अजून ठरवलेलं नाही. ताईनेही पुन्हा विचारलं नाही. तिने फक्त रिपोर्ट कधी मिळणार ते विचारलं आणि फोनमध्ये लिहून घेतलं. गुरुवारी दुपारी चारनंतर. हे लिहितेय तो मंगळवार आहे.

तुमच्या माहितीत कुणी असं थांबलेलं असेल तर एवढं करा. मानेची, काखेची गाठ तीन-चार आठवड्यांत गेली नसेल, तर तुकडा तपासल्याशिवाय त्यांना टीबीची किंवा स्टेरॉईडची गोळी सुरू करू देऊ नका. तुकडा गेला असेल, तर काही निघणार नाही असं म्हणू नका, कारण ते तुम्हाला माहीत नसतं. रिपोर्ट किती वाजता मिळणार ते विचारा, आणि त्या वेळी त्यांच्याबरोबर जा.